जुन्या पिकअपले टर्बो बसवू का? गाडी गरम होते अन् काळा धूर मारते (२५२३ सीसी डीआय)

वावरवाला_२९
राम राम मंडळी. लय दिवसापासून इथं वाचून रायलो, लिवतो आज पहिल्यांदा. गाडी हाये २००५ ची महिंद्राची पिकअप, २५२३ सीसी डीआय, बिनटर्बोची, सेकंडहँड घेतली, पाटी एमएच-२७ ची हाये पण चालते इकडं यवतमाळ जिल्ह्यात. सीझनमंदी कापूस राळेगावले नाहीतं हिंगणघाटले, बाकी टायमाले खत, ढेप, सिमेंट, जे भेटन ते. त्रास असा का भरल्या गाडीनं चढ लागला का दुसऱ्या गिअरवर येते, मांगं काळा धूर, अन् काटा वर चढते. उन्हाळ्यात समजू शकतो पण आता थंडीत बी चढून रायला म्हणून इचार पडला. सकाळी सेल्फ लय खाते, एकदा लागली का मंग दिवसभर अर्ध्या सेल्फमंदी चालू.

एका गॅरेजवाल्यानं सांगतलं का इंजिनात दम नाई उरला, भंगारातलं टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबते तो पंखा) आणून बसवून देतो, डिझेल पंपाचा स्क्रू जरासा वाढवतो, गाडी उडन म्हणते. खर्च बी इंजिन बांधण्यापेक्षा कमी सांगते. कोणी केलं काय असं? टर्बो बसवू, का इंजिन बांधू, का इकून टाकू? घरचे म्हंतात इका. पण नवीनचा हप्ता कापसाच्या भावात बसत नाई, अन् ही गाडी मले पुरते.

संत्रानगरी
अबे बसव ना भाऊ, विचारून काय राहिला. आमच्या काटोलमधे एकानं बसवलंय, संत्र्याचे कॅरेट फुल भरून कळमन्याले जाते, चढावर तिसऱ्यात ओढते. टर्बोचा आवाजच असा मस्त येते ना. लोक मागं वळून पाहतात.

पंपरूम_अमरावती
आवाजावर गाडी चालत नाही भाऊ. ज्यानं टर्बो बसवला त्याची गाडी दोन उन्हाळे गेल्यावर पाहा, मग सांगा.

मूळ प्रश्नवाले भाऊ, आधी या गोष्टी सांगा. पंप इनलाइन आहे की रोटरी? एअर फिल्टर तेलाचा की कागदाचा आणि शेवटचा कधी बदलला? गाडी चालू असताना ऑइलचं झाकण काढलं तर धूर किती येतो, झाकण नुसतं थरथरते का उडतेच? रेडिएटरात काय आहे, कूलंट की नुसतं पाणी? सकाळी लागली की पहिला धूर पांढरा, निळा की काळा? दम नाही उरला हे वाक्य मी पंपरूममधे (डिझेल पंप दुरुस्तीच्या दुकानात) रोज ऐकतो, आणि त्यातल्या निम्म्या गाड्यांचा दम कचरा भरलेल्या फिल्टरमधे अडकलेला असतो.

वावरवाला_२९
पंप रोटरी, चारी पाइप एकाच गोल मुंडीतून निघतात. एअर फिल्टर कागदाचा, बदलला होता मागच्या सीझनले, मंदात हवा मारतो कॉम्प्रेसरनं. झाकण उडत नाई, थरथरते, धूर येते पण लय नाई. ब्रिदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडते त्या) पाइपातून मातर भरल्यावर थोडा जास्त दिसते. सकाळचा धूर पांढरा, डोळ्याले झोंबते, मंग साफ. रेडिएटरात पाणीच. आधीचा मालक बी पाणीच टाकत होता म्हणे.

खारपाण
एमएच-२७ म्हणता म्हणजे अमरावतीकडची. नेमकी कुठली हाये? दर्यापूर साइडची तं नाई ना?

वावरवाला_२९
हो ना, दर्यापूरजवळच्या गावातूनच घेतली. काहून?

खारपाण
मंग झालं काम. मी तेल्हाऱ्याचा, आमच्या पट्ट्यातल्या बोअरचं पाणी तोंडात धरवत नाई ते तुमच्या रेडिएटरनं वर्षानुवर्षं पेलं हाये. पूर्णेचं सगळं खोरं, अकोला अमरावती बुलडाण्याचा मधला भाग, खारपाणपट्टा म्हंतात त्याले, जमिनीखालचंच पाणी खारं. इकडं ढोरं बी ते पाणी नाक मुरडून पितात. असं पाणी गरम झालं का क्षार भांड्याले चिकटते तसं रेडिएटरच्या नळ्याइले आतून चिकटते, नळी बारीक बारीक होत जाते अन् एक दिवस बुजते. वरून रेडिएटर चकाचक दिसन, पाणी बी फुल दिसन, पण अर्ध्या नळ्याइतून पाणी फिरतच नसन. थंडीत गरम होते म्हंता ना, मंग पहिला संशय तोच. तुमच्या इंजिनाले काहीच झालं नसन असं म्हणत नाई पण टर्बोचा इचार बाजूले ठेवा अन् पहिले रेडिएटर उतरवा.

उतरवायच्या आधी एक करून पाहा. कोणाजवळ ती तापमानाची बंदूक असन (कोरोनात सगळ्या ग्रामपंचायतीइनं घेतल्या होत्या, पण ती माणसाच्या अंगाची असते, चालत नाई, इलेक्ट्रिशियनजवळची पाह्यजे), तिनं गाडी तापल्यावर रेडिएटरच्या जाळीवर वरून खाली, डावीकडून उजवीकडं पाहा. वरून खाली हळूहळू कमी होत गेलं तं ठीक. मंदातच एखादा पट्टा एकदम थंडा लागला तं तिथल्या नळ्या बंद.

पंपरूम_अमरावती
खारपाण भाऊंशी सहमत. पाटीवरून गाडीचं पाणी ओळखलं, मानलं.

रेडिएटर पितळ-तांब्याचा असेल तर नशीब समजा. वरची-खालची टाकी डाग देऊन जोडलेली असते, ती उघडून नळ्यांतून बारीक पट्टी फिरवतात, त्याला रॉडिंग म्हणतात, जुने रेडिएटरवाले अजून करतात. ॲल्युमिनियमचा प्लास्टिक टाकीवाला बसवला असेल तर रॉडिंग होत नाही, बदलाच. कोणी ॲसिड टाकून साफ करून देतो म्हणालं तर नको म्हणा, क्षाराबरोबर जुना डाग पण खातं आणि आठ दिवसांनी गळायला लागते.

आणि साफ झाल्यावर परत बोअरचं पाणी टाकायचं नाही. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, अर्धं-अर्धं. कूलंट फक्त थंडीसाठी असते हा गैरसमज आहे, ते गंज थांबवते आणि उकळायचा बिंदू वर नेते. झाकण पण नवीन घ्या, स्वस्त वस्तू आहे पण कोणी बघत नाही. त्या झाकणाचा स्प्रिंग साधारण ०.९ बारचा दाब धरून ठेवतो म्हणून पाणी १०० ला न उकळता ११८ च्या आसपास उकळते. रबर कडक झालं, दाब धरला नाही, की पाणी लवकर उकळून बाहेर, आणि माणूस म्हणतो गाडी पाणी पिते.

एमएच३४_कोळसा
थर्मोस्टॅट काढून फेकून द्या भाऊ, पहिला इलाज तोच. चंद्रपूरच्या उन्हात ४६-४७ ला गाड्या चालवतो आम्ही, एकाही गाडीत ठेवत नाही. पाणी मोकळं फिरलं की गरम होतच नाही.

पंपरूम_अमरावती
हे प्रत्येक धाग्यात येते आणि प्रत्येक वेळी मी भांडतो. थर्मोस्टॅट जाम झाला असेल तर बदला, काढू नका. तो साधारण ८० डिग्रीच्या वर पाण्याला रेडिएटरचा रस्ता उघडतो, तोपर्यंत इंजिन लवकर तापावं म्हणून असतो. काढला की थंडीत इंजिन कामाच्या तापमानाला पोचतच नाही, डिझेल नीट जळत नाही, सिलिंडरचा बोअर धुतला जातो, ऑइल पातळ होते, पिस्टनच्या रिंगा लवकर जातात, ॲव्हरेज पडते. आणि काही इंजिनांत बायपास बंद करायचं काम पण तोच करतो, म्हणजे काढला तर थोडं पाणी रेडिएटरला न जाता मधल्या रस्त्यानं फिरत राहते आणि गाडी उलट जास्त गरम होऊ शकते. तपासायचा असेल तर भांड्यात पाणी ठेवून उकळत ठेवा, दोऱ्यानं आत सोडा, उघडताना डोळ्यानं दिसतो.

एमएच३४_कोळसा
तुमचं पुस्तकी बरोबर असेल पण आमच्या गाड्या चालून राहिल्या.

पंपरूम_अमरावती
चालतात हो. रिंगा कधी बदलल्या तेवढं सांगा.

एमएच३४_कोळसा
😄 तो विषय सोडा.

पुण्यात_वऱ्हाडी
मी आता पुण्यात नोकरीला, पण बाबांची अशीच गाडी मोर्शीला आहे म्हणून लिहितो. या इंजिनाबद्दल एक गंमत सांगतो. बोअर ८८.९ मिलिमीटर, स्ट्रोक १०१.६. आकडे विचित्र वाटतात ना? इंचात करा, साडेतीन इंच आणि चार इंच. हे जुन्या इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या इंजिनाचं माप. महिंद्रानं १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबत भारतात ट्रॅक्टरची कंपनी काढली होती, तिथून हे खानदान आलं. म्हणून आपल्याकडे गावातला ट्रॅक्टर मिस्त्री हे इंजिन उघडायला घाबरत नाही, हात बसलेला असतो. याच कंपनीच्या जुन्या जीपमधे जे २४९८ सीसीचं प्यूजोचं इंजिन यायचं ते वेगळं, त्यात डिझेल आधी छोट्या खोलीत जळतं, कॉम्प्रेशन जास्त, सकाळी हीटर प्लग लागतात. डीआयमधे डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावरच्या वाटीत पडतं. त्यामुळे एकाचा सल्ला दुसऱ्याला लावू नका, आमच्याकडे एका शेजाऱ्यानं याच इंजिनाचे हीटर प्लग शोधत अर्धं अमरावती पालथं घातलं होतं.

टर्बोबद्दल बोलायचं तर ट्रॅक्टरच्या खानदानातलं इंजिन आहे, जोर खालच्या आरपीएमला देतं. त्याला पळवायचं नसतं.

संत्रानगरी
पण टर्बोवाली पण तर येतेच ना ह्याच २५२३ ची. कंपनीच देते तर मग आपण बसवलं तर काय झालं?

पंपरूम_अमरावती
चांगला प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कंपनी टर्बो देते तेव्हा नुसतं टर्बो नाही देत. पिस्टन वेगळे असू शकतात, गॅस्केट वेगळं, ऑइल पंपाची ताकद बघितलेली असते, रेडिएटर मोठा. आणि मुख्य म्हणजे पंप. टर्बोच्या गाडीच्या रोटरी पंपावर वर एक टोपी असते, तिच्यात पडदा असतो, टर्बोची हवा त्या पडद्याला दाबते तेव्हाच जास्त डिझेल जाते. बिनटर्बोच्या पंपावर ती टोपीच नसते. आता गॅरेजवाला काय करणार, मागचा स्क्रू आत फिरवणार, म्हणजे टर्बोनं हवा द्यायला सुरुवात केली नसली तरी डिझेल जास्तच जाणार. खाली काळा धूर, वर गेल्यावर थोडा साफ, आणि भरल्या गाडीनं लांब चढावर एक्झॉस्टची उष्णता वाढत जाणार. इंजिनातून धूर निघतो त्या तोंडाशी ७०० डिग्रीच्या वर सतत राहिली की पिस्टनची वाटी, व्हॉल्व्ह, टर्बोची चाकं कुठलं तरी एक आधी जाते. ते मोजायला वेगळं मीटर लागते, इंजिनाचा काटा ते दाखवत नाही, तो फक्त पाणी दाखवतो.

दुसरं, टर्बोचा शाफ्ट ऑइलवर तरंगतो. त्याला दाबानं ऑइल द्यायची लाइन काढणं सोपं, परत यायची लाइन नीट उताराची, जाड, आणि खालच्या ऑइलच्या चेंबरमधे पातळीच्या वर सोडावी लागते. तिथे गडबड झाली की ऑइल टर्बोतून इंजिनात, आणि निळा धूर. सगळ्यात वाईट म्हणजे सील गेलं तर इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळत सुटते, चावी काढली तरी बंद होत नाही. तेव्हा हवेचा पाइप दाबून बंद करणं हाच मुख्य उपाय असतो. गाडी पाहून लोक पळताना मी पाहिलेत.

तिसरं, भाऊंची गाडी आत्ताच गरम होते आहे. जी गाडी आहे तेवढी उष्णता फेकू शकत नाही तिच्यात अजून उष्णता टाकायची?

वावरवाला_२९
समजलं भाऊ. आता काळ्या धुराचं अन् सकाळच्या सेल्फचं काय?

पंपरूम_अमरावती
काळा धूर म्हणजे हवेच्या मानानं डिझेल जास्त. तुमचा एअर फिल्टर मागच्या सीझनचा, त्यात कापसाचं तुस, काळ्या मातीची धूळ. हवा मारल्यानं तो साफ होत नाही, जवळून मारली तर कागदाला भोकं पडतात आणि धूळ सरळ बोअरमधे. आधी नवीन टाका. मग नोझल (डिझेल फवारतात ते) काढून टेस्टरवर स्प्रे पाहा, चारही. धार लागली असेल, थेंब गळत असेल तर धूर, धक्के आणि ॲव्हरेज तिन्हींचं उत्तर तिथे आहे. बसवताना खालचे तांब्याचे वायसर नवीनच. त्याच वेळी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) पण सेट करून घ्या, इंजिन थंड असताना.

सकाळचा पांढरा झोंबणारा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. कॉम्प्रेशन थोडं कमी असू शकते, पण एकदा लागल्यावर दिवसभर अर्ध्या सेल्फमधे लागते म्हणता, तेव्हा मला जास्त शंका लाइनमधे हवा शिरत असल्याची. रात्रभर गाडी उभी, कुठूनतरी बारीक हवा आत, डिझेल मागे टाकीत उतरते, सकाळी पंप कोरडा, सेल्फ मारत बसा. फिल्टरकडून पंपाकडे जाणाऱ्या पाइपच्या जागी थोडा पारदर्शक पाइप लावा, डिझेलचाच, फवारणी पंपाचा नको. रात्री उभी करा, सकाळी सुरू करायच्या आधी पाहा. बुडबुडा दिसला तर मग मागे मागे शोधत जायचं, फिल्टरची रबरं, बॅन्जो बोल्टचे वायसर, टाकीपासूनचे जुने रबरी पाइप, रिटर्नची लाइन. हवा आत शिरते तिथून डिझेल बाहेर गळतच असेल असं नाही, म्हणून डोळ्यानं सापडत नाही.

धानवाला_गोंदिया
पारदर्शक पाइपवाली युक्ती भारी आहे, आमच्याकडेही अशीच एक गाडी आहे, उद्याच लावतो.

संत्रानगरी
डिझेलमधे टूटी ऑइल (टू-स्ट्रोक गाड्यांचं) टाकायचं का? आमच्याकडे सगळे टाकतात, म्हणे नवीन डिझेल कोरडं असते, पंप खाते.

पुण्यात_वऱ्हाडी
त्यात थोडं खरं, थोडी अफवा. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं, त्यात गंधक १० पीपीएमपर्यंत, आधी बीएस-४ मधे ५० होतं. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक चिकटपणा कमी होतो हे खरं, पण तो भरून काढायला रिफायनरी त्यात वंगणाचं द्रव्य टाकते, त्याशिवाय ते मानकात बसतच नाही. खरा धोका भेसळीचा. रॉकेल मिसळलेलं किंवा हायवेच्या कडेला टाक्यांतून मिळणारं ते स्वस्तातलं तथाकथित बायोडिझेल.

पंपरूम_अमरावती
आणि रोटरी पंपाला तर जास्तच. इनलाइन पंपाच्या खालच्या कॅमला वेगळं ऑइल असते, रोटरी पूर्ण डिझेलवरच वंगण घेतो. रॉकेलवाल्या गाडीचा रोटरी उघडला की आत चांदीसारखी भुकटी निघते. टूटी ऑइलनं रॉकेलचं पाप धुतलं जात नाही. चांगल्या पंपावर डिझेल भरा, फिल्टरखालचा पाण्याचा नळ पावसाळ्यात दर आठवड्याला उघडा, बास. जुन्या पंपातून बाहेर डिझेल पाझरत असेल तर सील किट बदलताना व्हायटन रबराचे ओ-रिंग मागा.

खारपाण
सीझनमंदी अजून एक. जिनिंगच्या आवारात गाडी उभी असते तवा रुईचं तुस रेडिएटरच्या बाहेरच्या जाळीत बसते, त्यावर धूळ, मंग थोडा पाऊस, अन् नमदा तयार होते. समोरून पाणी मारलं का तो नमदा अजून आत घुसते. पंख्याच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं पाणी मारा, अन् प्रेशर कमी ठेवा, नाहीतं पंख आडवे होतात. पंख्याचा पट्टा बी पाहून घ्या, ढिल्ला असन तं पाण्याचा पंपच फिरत नाई बरोबर.

कोर्टकचेरी
कायद्याचं कोणी बोललंच नाही म्हणून मी बोलतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मधे सुप्रीम कोर्टानंही केरळच्या एका प्रकरणात हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-ए आलं, त्यात मालकानं परवानगीशिवाय बदल केला तर दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दंडापेक्षा मोठी भीती विम्याची. भरल्या गाडीचा अपघात झाला, तपासणीत बाहेरून बसवलेलं टर्बो दिसलं, की विमा कंपनीला भांडायला आयतं कारण मिळते, आणि तिसऱ्या माणसाचं नुकसान मालकाच्या गळ्यात येऊ शकते.

गाडी पिवळ्या पाटीची आहे, ८ वर्षांवरची आहे, म्हणजे फिटनेस दरवर्षी. १५ वर्षांवरच्या गाड्यांची फिटनेसची फी १ एप्रिल २०२२ पासून वाढलेली आहे, वरून ग्रीन टॅक्स. समोर लोखंडी बंपर-गार्ड लावला असेल तर काढा, डिसेंबर २०१७ मधे केंद्रानं त्यावर बंदीचं पत्र काढलंय. मागची लाल रिफ्लेक्टर पट्टी मात्र लावाच, बंड्या-ट्रॅक्टरांच्या रस्त्यावर रात्री तीच वाचवते.

संत्रानगरी
कोर्टकचेरी भाऊ आले की सगळा मजाच जाते 🙏

वावरवाला_२९
बंपर नाई गाडीले. पण एक सांगा, मांगं कमानीत एक पट्टा जास्त टाकायचा होता. भरल्यावर गाडी मांगून बसते. हे तं चालते ना? इकडं सगळेच टाकतात.

एमएच३४_कोळसा
यात मी बोलू शकतो. पट्टा टाकल्यानं गाडीची कमान कडक होते, गाडीची वाहायची ताकद वाढत नाही. वजन तेवढंच राहते, ते आता हँगर, चेसिस, हाउसिंग आणि बेअरिंगवर जाते. चेसिसला हँगरपाशी तडा गेलेल्या किती गाड्या वेल्डिंगला येतात आमच्याकडे. आणि रिकाम्या गाडीत तर कंबर मोडते. जुने पट्टे थकले असतील, सरळ झाले असतील तर पूर्ण सेट कमानवाल्याकडून परत वाकवून पाणी देऊन घ्या किंवा नवीन टाका, यू-बोल्ट नवीन, सेंटर बोल्ट नवीन, आणि थोडं चालल्यावर यू-बोल्ट परत आवळा.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते. मागच्या हाउसिंगला (मागच्या चाकांच्या धुऱ्याला) एक दांडी जोडलेली असेल आणि ती चेसिसवरच्या एका व्हॉल्व्हला गेली असेल, तर तो व्हॉल्व्ह गाडी किती बसली ते पाहून मागच्या ब्रेकला तेल सोडतो. जास्तीचा पट्टा टाकला की भरली गाडीही वर उभी, व्हॉल्व्हला वाटते रिकामी आहे, मागचे ब्रेक कमी लागतात, सगळा भार पुढच्या ब्रेकवर. भरली गाडी, ओला रस्ता, समोर म्हैस. विचार करा.

कोर्टकचेरी
आणि ओव्हरलोडला कलम १९४, २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००. पण ठीक आहे, कोळसा भाऊंनी जास्त नीट सांगितलं.

वावरवाला_२९
ब्रेकची गोष्ट निघाली तं, पेडल कधी कधी कडक लागते, खास करून चढावून उतरताना.

पंपरूम_अमरावती
हे आधी सांगायचं ना! धूर-बिर सगळं नंतर. डिझेल गाडीला पेट्रोलसारखं इंजिनातून व्हॅक्युम मिळत नाही, म्हणून डायनमोच्या मागे व्हॅक्युम पंप असतो, तिथून ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला पाइप जातो. तो पंप झिजला, त्याची ऑइलची लाइन बुजली, पाइपला चीर गेली किंवा मधला एकमार्गी व्हॉल्व्ह गेला की पेडल दगड. गाडी बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, कडक होईल. दाबून ठेवा आणि सेल्फ मारा. गाडी लागल्यावर पेडल जरा खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टर किंवा व्हॅक्युममधे दोष. हे ठीक होईपर्यंत गाडी भरू नका.

पुण्यात_वऱ्हाडी
टर्बोचे पैसे वाचणारच आहेत तर मी बाबांच्या गाडीत केलेले छोटे बदल सांगतो, कायद्यातही बसतात. हेडलाइटला रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) लावले. जुन्या गाडीत सगळा करंट स्टिअरिंगखालच्या स्विचमधून फिरून जातो, लाइट पिवळा पडतो आणि स्विच वितळतो, मग लोक १०० वॅटचे बल्ब टाकतात, स्विच अजून वितळतो. रिले लावून बॅटरीपासून जाड वायर दिली, बल्ब तेच ६०/५५ चे, उजेडात फरक डोळ्याला दिसतो. हॉर्नलाही रिले. इंजिन ते चेसिस अर्थची पट्टी नवीन केली, तिनं सेल्फपण जोरात फिरायला लागला. टाकीनंतर, मूळ फिल्टरच्या आधी, पारदर्शक वाटीचा पाणी वेगळं करणारा एक जास्तीचा फिल्टर. आणि डॅशवर पाण्याच्या तापमानाचं वेगळं मीटर, कारण जुन्या गाडीचा मूळ काटा साक्षीदार म्हणून उभा करता येत नाही.

धानवाला_गोंदिया
क्रॉसला (मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या जोडाला) ग्रीस मारा रे लोकहो, चिखलात गाडी घातली की प्रत्येक वेळी. एवढंच.

वावरवाला_२९
मंडळी, अपडेट. गाडी आधी ब्रेकसाठी लावली. डायनमोच्या मांगचा व्हॅक्युमचा पाइप वरून बरा दिसत होता पण क्लिपखाली चिरला होता, बदलला, पेडल मऊ झालं.

मंग रेडिएटर उतरवला. पितळीच निघाला. टाकी उघडल्यावर रेडिएटरवाला हसूनच रायला, नळ्याइचे तोंडं पांढरे पडून गेले होते, मंदातल्या तं पूर्ण बुजल्या. रॉडिंग केली, झाकण नवीन, कूलंट टाकलं. थर्मोस्टॅट होताच नाई आत! कोणी काढला कोण जाणे, नवीन टाकला. (कोळसा भाऊ, तुमच्या गाववाल्याचंच काम दिसते.) काल भरून हिंगणघाटले गेलो, वडकीच्या पुढं तो काटा अर्ध्याच्या वर गेला नाई.

पारदर्शक पाइपमंदी सकाळी बुडबुडे होते. फिल्टरच्या मुंडीवरचे वायसर बदलले, अजून थोडा येते, टाकीकडचा पाइप पाहा लागन. नोझल चारीतले दोन धार मारत होते, नवे टाकले, वायसर बी नवे. एअर फिल्टर नवीन. काळा धूर लय कमी झाला, पण चढावर थोडा हाये अजून. ब्रिदरचा धूर तेवढाच. रिंगाइचं काम सीझन झाल्यावर काढतो, आता गाडी उभी ठेवणं जमत नाई.

पंपरूम_अमरावती
चढावरचा उरलेला धूर पंपाचा असू शकतो, आधीच्या कोणीतरी स्क्रू फिरवला असेल, त्यावरचं सील तुटलेलं आहे का पाहा. तुटलं असेल तर पंप काढून बेंचवर कॅलिब्रेट करून घ्या, अंदाजानं फिरवू देऊ नका कोणाला. टाकीकडच्या पाइपचं काम पुढे ढकलू नका. रिंगा उघडाल तेव्हा बोअर मोजून मगच ठरवा, नुसत्या रिंगा की लायनर-पिस्टन.

एमएच३४_कोळसा
थर्मोस्टॅट आमच्याकडचा नाही हो, दर्यापूरवाल्यांना विचारा.

संत्रानगरी
वावरवाला भाऊ, ते भंगारातलं टर्बो मग पडूनच असेल ना? मला द्या सांगून, मी घेतो.

वावरवाला_२९
आणलंच नोतं भाऊ. गॅरेजवाल्याच्या मोबाइलमंदी फोटो होता फक्त. नंबर मेसेज करतो, पण कोर्टकचेरी भाऊले सांगू नोका.